लय नको, लय हवी

काकांच्या वखारीत प्रत्येक कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक टिकली चिकटवलेली असायची. लाल, ठसठशीत, काकूंच्या पाकिटातली. नवीन आलेल्या मुलाला वाटायचं, दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली असेल, कुंकू राहून गेलं असेल. तसं काही नव्हतं. खेळ चालू असताना त्या कोपऱ्यात एक आकडा नाचत असतो. संगणक सेकंदाला किती चित्रं काढतोय, तो आकडा. चित्राला मुलं फ्रेम म्हणतात. आकडा वर गेला की मुलं खूश, खाली आला की तोंडं पडलेली. समोर खेळात आपण मरतोय की जगतोय याचं भान नाही. काकांनी आकडाच झाकून टाकला. कुणी टिकली खरवडली तर त्याला त्या दिवसापुरतं बाहेर काढत. "अंगात ताप आहे का ते माणसाकडे बघून कळतं," ते म्हणायचे. "सदा काखेत थर्मामीटर धरून कोण जगतं?"

मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पहिल्यांदा मी बघितलं, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेलीही अजून मी एकटीच. हे मी कुठेही आधी सांगून टाकते. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांना ती फुशारकी वाटते. वाटू दे. मला अलिबागच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि जवळपास जिथे चांगले कॉम्प्युटर होते ती जागा म्हणजे काकांची वखार. म्हणून मी तिथे जाऊ लागले. काकांची कीर्ती ऐकून नव्हे. कीर्ती ऐकली असती तर कदाचित गेले नसते.

वखार चौलच्या रस्त्याला, त्यांच्या वाडीच्या तोंडाशी, मागच्या बाजूला लागूनच घर. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथे सुपारी भरून ठेवत. भिंतींना तो वास अजून होता. एसी लावला की जास्तच यायचा. काका एका कारखान्यात होते. मोजमापाची उपकरणं जुळवायची, काटे हलतात ते नीट हलतात की नाही ते बघायचं, असं काम. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधतील. आमच्याकडे ज्याला वाडी आहे तो खोल्या बांधतोच. काकांनी वखारीला रंग काढला, टेबलं मांडली आणि कॉम्प्युटरवर खेळायचं दुकान उघडलं. भाऊबंद म्हणाले, म्हातारपणी याच्या डोक्यात वारं शिरलं. काका म्हणाले, वारं लहानपणीच शिरलंय, तुम्हाला आत्ता दिसलं.

खरं कारण त्यांनीच मला सांगितलं. पुतण्याकडे गेले असताना त्यांनी पहिल्यांदा मोटारींचा एक खेळ बघितला. मोटार वळली की आकाश मधोमध फाटत होतं. वरचा अर्धा भाग पुढे गेलेला, खालचा अर्धा मागे राहिलेला, मध्ये आडवी रेघ. पुतण्याला विचारलं तर तो म्हणाला, काका, तसंच असतं ते. "तसंच असतं" हे दोन शब्द काकांना शिवीसारखे लागत. ते घरी आले आणि तसं का असतं याचा माग काढत बसले. माग काढता काढता दुकान निघालं.

ते का असतं हे त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागायचं. मलाही पहिल्याच दिवशी ऐकवलं. पडदा म्हणजे रेवसची लाँच, ते म्हणाले. ती ठरल्या वेळी सुटते, कुणासाठी थांबत नाही. संगणक म्हणजे धक्क्यावर येणारा उतारू. आता उतारू घाईचा असेल आणि लाँच हलल्यावर उडी टाकेल, तर काय होईल? एक पाय धक्क्यावर, एक पाय लाँचमध्ये, मधून लेंगा टर्रकन फाटणार. हीच ती आकाशातली रेघ. म्हणून नियम करायचा: लाँच लागल्याशिवाय चढायचं नाही. आला असशील लवकर तर धक्क्यावर बस. उशीर झाला तर पुढची लाँच. या नियमाला कंपनीवाले व्ही-सिंक म्हणतात आणि तो चालू-बंद करायचं बटण देतात. काका त्याला धक्क्याचा नियम म्हणत आणि बटण देत नसत. वखारीतल्या सगळ्या यंत्रांवर तो नियम आतूनच लावून ठेवलेला होता, आणि कुठल्याही खेळाला तो मोडता येत नसे.

मुलं त्यांना समोर काका म्हणत आणि मागे विसिंक. "विसिंक आलाय का?" म्हणजे दुकान उघडलंय का. ते त्यांना ठाऊक होतं. एकदा एका मुलाच्या तोंडून समोरच निघून गेलं तेव्हा काका म्हणाले, "वि नाही, व्ही. नाव ठेवायचं तर नीट ठेव."

अडखळणं त्यांना सोसतच नसे, मग ते कशाचंही असो. आरतीला टाळ्या मागेपुढे पडल्या तर ते देवळातून बाहेर येऊन उभे राहत. भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, पण एका टाळकऱ्याशी भांडून सोडलं. तो टाळकरी भजनाच्या मधेच अंगारा लावून घ्यायला उठायचा आणि परत येऊन भलत्याच जागी ताल धरायचा. एकदा पावसात अलिबागहून एसटीने येताना काचेवरचे दोन वायपर एकमेकांशी जुळत नव्हते. एक निघाला की दुसरा पोचलेला. काकांनी नागावपर्यंत सहन केलं, मग कंडक्टरला सांगून उतरले आणि भिजत चालत घरी आले. काकूंनी विचारलं, गाडी बंद पडली का? तर म्हणाले, बंद पडली असती तर बरं झालं असतं. काकू हे सगळ्यांना सांगायच्या, आणि वर म्हणायच्या की लग्नात यांनी भटजींना मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला लावली नाहीत हे माझं भाग्य.

स्वतः ते एकच खेळ खेळत. तोच मोटारींचा. शर्यत असायची, बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून जायच्या, आणि काका आपले सायकलच्या वेगाने समुद्राकडेच्या रस्त्याने चाललेले. शेवटचा नंबर ठरलेला. त्यांना शर्यत नकोच होती. त्या रस्त्याच्या कडेला माडांची रांग होती आणि ते माड एकामागून एक सारखे सरकतात की नाही एवढंच ते बघत. दारापलीकडे चार पावलांवर त्यांचे स्वतःचे माड उभे होते. मी एकदा म्हटलंसुद्धा, काका, बाहेर खरे आहेत. ते म्हणाले, "ते खरे आहेत, त्यांना काय होतंय. अडखळण्याची भीती यांना."

मुलांना हे झेपायचं नाही. अलिबागला नवीन दुकान निघालं होतं, तिथे भारी यंत्रं होती, आणि मुलं येऊन सांगायची की तिकडे लय फ्रेम येतात, आपल्याकडे साठाच्या वर जातच नाही. काकांचं उत्तर ठरलेलं. "मला लय नको. मला लय हवी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळलं नाही. आमच्या घरी लय म्हणजे पुष्कळ. लय मासळी, लय वारा. लय म्हणजे चाल, ठेका, हा अर्थ मला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक होता, बोलण्यात कुणी वापरताना ऐकला नव्हता. काकांनी तो मांडीवर वाजवून दाखवला. आधी एकसारखी चाल, मग तीच चाल मधेच घाई करून, मधेच रेंगाळून. म्हणाले, दुसऱ्या वेळी मी जास्त थापा मारल्यात, मोज हवं तर. कोणतं बरं वाटलं? कधी नव्वद कधी तीस यापेक्षा न ढळणारे साठ चांगले, हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं. ते तत्त्वज्ञान बरोबर आहे असं मला तेव्हाही वाटायचं. फक्त ते सगळीकडे लागू आहे असं त्यांना वाटायचं, तिथे आमची पुढे ठिणगी पडली.

त्याआधी उरणच्या मुलांचं प्रकरण सांगायला हवं.

काकांनी एकदा वखारीत स्पर्धा ठेवली. गोळीबाराचा खेळ, गावागावांचे संघ. उरणची मुलं करंज्याहून तरीने खाडी ओलांडून रेवसला आली आणि तिथून टमटम करून चौलला. आपापले माऊस पिशवीत घेऊन. बसल्या बसल्या त्यांच्या म्होरक्याने हात वर केला. त्याचं म्हणणं असं की बटण दाबल्यावर गोळी जरा मागून सुटते, समोरचा तोवर मारून मोकळा होतो, तेव्हा सिंक बंद करा. त्याची भाषा अर्धी हिंदी होती, पण मुद्दा पुरा बरोबर होता. धक्क्यावर थांबायचं म्हणजे उशीर होणारच. तो एवढासा उशीर माड बघणाऱ्याला कळत नाही, पण नेम धरणाऱ्याचा जीव जातो. म्हणून असले खेळ खेळणारे पडदा फाटला तरी चालेल म्हणतात आणि नियम काढून टाकतात.

काका म्हणाले, "मग आधी दाब."

मुलं हसली. काका हसले नाहीत. म्होरक्या म्हणाला, "काका, सीरियसली, सब जगह ऑफ ही रहता है. तुमी पन करा ना." काकांनी सांगितलं की माझ्या वखारीत पडदा फाटणार नाही, खेळायचं तर खेळा. मुलांनी एकमेकांकडे बघितलं, माऊस काढले, पिशव्यांत भरले आणि गेली. त्यांच्या पाठोपाठ अलिबागचा संघ गेला. मग मुरुडचा. स्पर्धेसाठी काकूंनी टोपभर केलेली मिसळ आम्ही आणि शेजाऱ्यांनी खाल्ली. त्या दिवसानंतर मोठी मुलं वखारीत यायची थांबली, लहान तेवढी राहिली, आणि अर्ध्या खुर्च्यांवर धूळ बसायला लागली.

मी त्यांना विचारलं, ती मुलं चुकीचं बोलत होती का? काका टेबल पुसत होते. म्हणाले, "बरोबर बोलत होती. पण वखार माझी आहे."

असा माणूस. आता माझं.

शेवटच्या वर्षाला मी एक खेळ बनवला. माझा मी, कुणाचा न उचललेला. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, त्यावर लाटा फुटतात. समुद्रातून होडी आत आणायची तर दोन लाटांमधली शांत जागा बघून वल्हं मारावं लागतं. तेवढाच खेळ. एक होडी, लाटा, पलीकडे किनारा आणि माड. पुण्यात खेळ बनवणारी एक कंपनी होती. त्यांनी कळवलं होतं की मार्कशीट नको, तुम्ही केलेलं काहीतरी चालतं पाठवा, साध्या कॉम्प्युटरवर चाललं पाहिजे, आम्ही खेळून बघू.

घरी वेगळंच ठरलेलं होतं. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एक जागा होती आणि तिथले चेअरमन बाबांच्या नात्यातले. बाबांनी ती माझ्यासाठी धरून ठेवली होती. त्यात वाईट काही नव्हतं, हे मी आज प्रामाणिकपणे सांगते. बाबांनी जन्मभर होडीच्या फळीवर बसून काढला. मुलीने पंख्याखाली खुर्चीवर बसावं, गावाने बघावं, हे त्यांचं स्वप्न. पण मला ती खुर्ची नको होती. मी शिकले ते दुसऱ्याने धरलेल्या जागेवर बसायला नव्हे. निकाल लागेपर्यंत पुण्याचं काही झालं नाही तर मला सोसायटीत बसावं लागणार होतं, आणि एकदा बसलं की कोण उठतं.

काकांनी मला सकाळी, मुलं शाळेत असताना, वखारीत काम करू दिलं. माझ्या पडद्यावरही टिकली लावली. मला ते इंजिनिअरीणबाई म्हणत. मी म्हणायचे, काका, मी बी.एस्सी. आहे. ते म्हणायचे, तेच ते.

खेळ चालू झाला आणि होडीला उचकी लागली. बराच वेळ छान सरकायची आणि मधेच एक गचका. पुन्हा छान, पुन्हा गचका. नेमका लाटेच्या वेळी गचका आला की होडी उलटायची आणि खेळणाऱ्याला वाटायचं, माझी काय चूक? मी आधी फेस कमी केला. मग लाटा कमी केल्या. मग पलीकडच्या किनाऱ्यावरचे माड काढायला घेतले, तेव्हा काका उठून आले. माडांना हात लावू नकोस म्हणाले. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, पडद्याकडे बघत मांडीवर बोटं वाजवायला लागले. पहिला गचका आला, ते ठेका धरून राहिले. दुसरा आला. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी टाळी दिली, आणि टाळी पडली त्याच क्षणी होडी अडखळली. पुढच्यालाही तसंच.

"हा थकवा नाही," ते म्हणाले. "थकलेला माणूस कुठेही अडखळतो. ही उचकी समेवर येतेय, ठरलेल्या ठोक्यावर. तुझ्या हिशोबात काहीतरी फिरून फिरून चुकतंय."

माझ्या हिशोबात चूक आहे हे मी ऐकून घेतलं नाही. पेनड्राइव्हवर खेळ घेतला, कॉलेजच्या लॅबमध्ये चालवला. तिथे चित्र फाटत होतं, पण उचकी नव्हती. पुन्हा वखारीत आणला, उचकी हजर. मग फरक शोधणं अवघड नव्हतं. कॉलेजात धक्क्याचा नियम नव्हता, इथे होता.

झालं होतं असं. माझा खेळ प्रत्येक चित्रामागे होडी एक पाऊल पुढे सरकवत होता. वेगवान यंत्रावर चित्रं भराभरा निघतात, मग होडी विमानासारखी सुटायची. म्हणून मी प्रत्येक चित्रानंतर खेळाला जरा थांबायला लावलं होतं, सेकंदाला साठच निघावीत असं. पण काकांच्या पडद्याचे साठ माझ्या साठाहून किंचित जलद होते. दोन घड्याळं एकमेकांवरून हळूहळू घसरत होती, आणि ठरावीक अंतराने एक उतारू धक्क्यावर पोचायचा तेव्हा लाँच नुकतीच सुटलेली असायची. काकांनी सम बरोबर पकडली होती. पण चुकीचा दोष एकट्या माझा नव्हता.

मी तसंच सांगितलं. काका, या वखारीत दोघं ताल धरतायत, एक माझा प्रोग्रॅम आणि एक तुमचा नियम, म्हणून भजन बुडतंय. एवढं त्यांना लगेच पटलं. दोन टाळकऱ्यांची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नव्हती. म्हणाले, मग तुझा काढ. मी काढला. होडी चित्रांवर न चालवता घड्याळावर चालवली: किती वेळ गेला त्या मानाने किती सरकायचं. सगळं नव्याने लिहायला लागलं, लाटांसकट. लिहिलं. वखारीत होडी लोण्यासारखी सरकली. काका खूश झाले, आतून काकूंना बोलावून दाखवली.

पण पुण्यातल्यांच्या यंत्रावर नियम असेल की नसेल, मला काय ठाऊक? नियम असला तरी आणि नसला तरी होडी सारखीच चालते हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. कॉलेजची लॅब परीक्षेसाठी बंद झाली होती. अलिबागच्या दुकानात बाहेरचा पेनड्राइव्ह लावू देत नव्हते. उरली वखार. मी काकांना म्हटलं, एका यंत्रावरचा नियम काढा.

ते नाही म्हणाले. मी कारण सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि पुन्हा नाही म्हणाले. उरणच्या मुलांना काढला नाही, तुला कसा काढू, असं म्हणाले. न्यायाने ते बरोबर होतं. तरी मी माझी पिशवी उचलली नाही. ती मुलं माऊस घेऊन निघून गेली, त्यांना दुसरी जागा होती. मला नव्हती. मी खुर्चीतच बसून राहिले. काका जेवायला आत गेले, जेवून आले, मी तिथेच. त्यांनी मोटारीचा खेळ लावला, माडांमागून माड गेले, मी तिथेच.

शेवटी मी म्हणाले, "काका, तुमचा पडदा फाटू नये म्हणून इथे माझी फाटतेय. ते चालतं?"

हे शब्द कोळीवाड्यातले. चौलच्या वाडीत असं बोलत नाहीत. आत भांडी घासायचा आवाज थांबला. मला वाटलं, आता काका बाहेर काढतात. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "पोरगी काही चुकीचं बोलत नाहीये हो."

काका उठले. माझ्या यंत्राशी आले, मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि त्यांनी स्वतः तो नियम काढला. मग जाऊन दुकानाचं दार लावून घेतलं, कुणी बघायला नको म्हणून. मी खेळ सुरू केला. लाट उठली आणि मधोमध फाटली. किनारा फाटला. माडांचे शेंडे एकीकडे आणि बुंधे दुसरीकडे. मला वाटलं होतं, काका तोंड फिरवतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. दाढ उपटायला बसलेल्या माणसासारखे खुर्चीचे दोन्ही हात धरून. मांडीवर ठेका धरायचा प्रयत्न केला, जमेना. मग होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नजर लावून नुसतेच बसले. मी होडी आत आणली, उलटवली, पुन्हा आणली. त्यांनी मला थांबवलं नाही. मला पुरे झालं तरी ते म्हणाले, आणखी एकदा.

मग म्हणाले, "पडदा फाटतोय. होडी बरोबर चाललीय. पाठव."

मी पाठवला. त्यांनी नियम परत लावला आणि दार उघडलं.

निकालाच्या आधी पुण्याहून बोलावणं आलं. त्यांनी खेळ खेळून बघितला होता, फोनवरून बरंच विचारलं होतं, आणि कामावर या म्हणत होते. मी आधी वखारीत जाऊन सांगितलं. काकांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. घरी सांगितलंस का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बाबा ऐकणार नाहीत. सोसायटीवाले सोमवारपासून ये म्हणून सांगून गेलेत. काका म्हणाले, मी येतो. अशा वेळी वडीलधाऱ्या माणसाने बोलावं लागतं.

ते इस्त्रीचा सदरा घालून आले. जन्म चौलात गेला, पण आमच्या कोळीवाड्यात ते कधी आत शिरले नसावेत. शाकाहारी माणूस, वासाने जीव जायचा. वाळत घातलेल्या बोंबलांच्या बांबूच्या वलांडीखालून वाकून येताना क्षणभर थांबले आणि बोंबील सारख्या अंतरावर टांगलेत म्हणाले. बाबा होडीच्या सावलीत जाळं शिवत बसले होते. त्यांनी काकांना बसायला फळी पुसून दिली, काकांच्या बागाईतीची चौकशी केली. काकांनी घसा साफ केला आणि तुमच्या मुलीविषयी बोलायचं होतं म्हणाले. पाठ करून आले होते हे माझ्या लक्षात आलं.

आणि मला वाटलं, हे असं नको. सोसायटीची जागा चेअरमनने शब्द टाकून मिळायची, आणि पुण्याची जागा काकांनी शब्द टाकून? मग फरक काय राहिला.

"काका, तुम्ही थांबा," मी म्हटलं. "मी बोलते."

काका थांबले. त्यांना मधे कुणी थांबवलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं.

मी बाबांसमोर वाळूत बसले. म्हटलं, "बाबा, मी सोसायटीत बसनार न्हाय. पुन्याला जानार हाय, खेल बनवायच्या कामाला. होडीचा खेल मी बनवला, त्यांनी खेलून बघितला नि मना बोलावलं."

बाबांची सुई चालूच होती. खेळाचं कसलं काम, असं त्यांनी जाळ्यालाच विचारलं. मग काकांकडे बघून म्हणाले, "तुमी शब्द टाकलात का, शेट?"

काकांनी मान हलवली, नाही.

"कोनीच न्हाय टाकला, बाबा," मी म्हटलं. "तिथं मना कोन वलखत पन न्हाय. नुसता खेल बघून बोलावलंय."

बाबांनी सुई थांबवली. "वलखीनं न्हाय?"

"न्हाय."

त्यांनी फाटक्या जाळ्यावरून हात फिरवला, पुढची गाठ कुठे मारायची ते बघितलं. काका फळीवर ताठ बसून होते, मांडीवरची बोटंसुद्धा हलत नव्हती.

"मंग जा," बाबा म्हणाले. "वलखीची जागा कोन बी भरंल."

आईने आतून चहा आणला. काकांनी तो घेतला, कप स्वच्छ आहे की नाही न बघता. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. मला वाईट वाटायला लागलं. इस्त्री करून, पाठ करून आलेल्या माणसाला मी तोंड उघडू दिलं नव्हतं. मी म्हटलं, काका, तुम्ही काय बोलणार होता ते मला तरी सांगा.

"वेळ गेली," ते म्हणाले. "लाँच सुटल्यावर उडी टाकायची नसते." आणि चौलच्या रस्त्याला लागले.

मी पुण्याला गेले ती अजून तिथेच आहे. गावी आले की वखारीत जाते, आणि दर वेळी विचारते. ते अजून सांगत नाहीत.